पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांवर मराठी उच्चार लिहून देऊ नका
(पाचवी ते आठवी, मराठी माध्यमाच्या पालकांसाठी)

आमच्या इंग्रजीच्या क्लासची नवी बॅच सुरू झाली की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, शाळेचं पुस्तक घडाघडा वाचतो, मग पेपरात का अडतो?" याचं उत्तर बहुतेक वेळा त्या पुस्तकातच मिळतं. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलने बारीक अक्षरात देवनागरी उच्चार लिहिलेले असतात. मूल वाचतं ती पेन्सिल. खालचं इंग्रजी त्याने पाहिलेलंच नसतं.

मागच्या जूनमध्ये सहावीतली एक मुलगी आली. तिने धडा न अडखळता वाचून दाखवला. तोच धडा क्लासच्या कोऱ्या पुस्तकातून वाचायला दिला, तर दुसऱ्याच शब्दावर बोट थांबलं. तिची आई रोज रात्री स्वयंपाकघर आवरून एकेक पान लिहून देत होती. इतकं कष्टाने करणाऱ्या बाईंना ‘हे थांबवा’ म्हणताना मला जड गेलं, पण सांगावंच लागलं. त्या मुलीची ती सवय सुटायला दिवाळी उजाडली. तेवढ्या वेळात ती कितीतरी पुढे गेली असती.

देवनागरीत लिहिल्याने नेमकं काय बिघडतं? ‘पश्चिम’ आणि ‘वाया घालवणं’ यांचे इंग्रजी शब्द स्पेलिंगने वेगळे. देवनागरीत लिहा, दोन्ही ‘वेस्ट’. ‘पाठवलं’, ‘सुगंध’ आणि परदेशी नाण्यातला सेंट, तिन्ही ‘सेंट’. स्पेलिंग डोळ्यांसमोरून गेलंच नाही, तर मूल ते पाठ तरी कशाच्या आधारावर करणार? शिवाय परीक्षेत पुस्तकाबाहेरचा उताराही येतो. तिथे कोणी वर लिहून दिलेलं नसतं.

दुसरी तक्रार येते, "महिना झाला, वही कोरीच आहे." ती आम्ही मुद्दाम कोरी ठेवतो. मराठीत ‘क’चं नाव क आणि आवाजही क, म्हणून आपली मुलं मराठी पटकन वाचतात. इंग्रजीत अक्षराचं नाव एक, आवाज दुसरा. ‘कॅट’चं पहिलं अक्षर सी, पण त्या शब्दात ‘सी’ कुठे ऐकू येतं? अक्षरं 26, आवाज चाळीसच्या वर. म्हणून आधी आवाज. एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांचे आवाज बसले की मूल सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप स्वतः जुळवून वाचतं. मग एस-एच, सी-एच, टी-एच या जोड्या. मग शेवटचा न उच्चारायचा ई, जो ‘कॅप’चा ‘केप’ आणि ‘पिन’चा ‘पाइन’ करतो. हे तोंडाने पक्कं झाल्याशिवाय मी लिहायला लावत नाही. व्याकरण त्यानंतर, आणि ते वाक्यातूनच, कारण ‘आय मँगो ईट’ ही चूक नियम पाठ करून सुटत नाही, शंभर बरोबर वाक्यं तोंडात बसली की सुटते.

घरी एवढंच करा. मूल अडलं की शब्दावर पोस्टकार्ड ठेवा आणि डावीकडून एकेक अक्षर उघडत जा. ‘वन’, ‘सेड’, ‘डझ’ असे आवाजाच्या नियमात न बसणारे शब्द सरळ तोंडाने सांगा, फक्त लिहून देऊ नका. शब्दाचा अर्थ मराठीत जरूर लिहा, पण वेगळ्या वहीत. रोज दहा मिनिटं पुरतात. स्वतःला इंग्रजी येत नसेल तरी शेजारी बसा आणि मुलाचं बोट अक्षरांखालून फिरतंय ना, एवढं बघा.

पुस्तक आधीच लिहून भरलं असेल तर खोडत बसू नका, कागद फाटतो आणि खुणा राहतातच. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. चालू धड्याची पानं छापून घ्या. ते जमत नसेल तर क्लासमध्ये कोरी पुस्तकं ठेवली आहेत, ती घरी न्यायला देतो.

एका बॅचमध्ये आम्ही आठच मुलं घेतो, कारण प्रत्येकाचं वाचन रोज माझ्या कानावर पडायला हवं. प्रवेशाआधी दर शनिवारी सकाळी वाचन तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही. आमच्याकडे नाव घालायचं नसलं तरी मुलाला घेऊन या. येताना शाळेचं पुस्तक आहे तसंच आणा, पेन्सिलीच्या खुणांसकट.