भातावरचे विषाणू: तुडतुड्यापासून जनुकापर्यंत

१८९२ मध्ये इवानोव्स्की आणि १८९८ मध्ये बेयरिंक यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी तो रोग पसरवतच राहिला. विषाणू ही कल्पना तिथून रुजली. त्याच सुमारास जपानच्या शिगा प्रांतात भाताची रोपे खुजी राहण्याच्या रोगाचा छडा लावणे चालू होते, पण वेगळ्या वाटेने. हाशिमोतो हात्सुझो या भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याने या रोगाचा संबंध तुडतुड्यांशी जोडला. १८९५ मध्ये ताकाता यांनी तुडतुडे आणि हा रोग यांचे नाते छापून मांडले. आधी सगळा दोष किडीवरच आला. पुढे लक्षात आले की सगळेच तुडतुडे रोग लावत नाहीत. रोगट रोपाचा रस शोषलेला तुडतुडाच तो पुढे नेतो, म्हणजे रोग करणारे काहीतरी त्याच्या अंगात शिरून पुढे जाते.

भाताच्या विषाणूंचा अभ्यास कीटकापासून सुरू झाला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. या विषाणूंच्या रेणूंपर्यंत पोचल्यावरही संशोधकांना कीटकाला बाजूला ठेवता आलेले नाही.

विषाणू आणि कीटक यांच्या या घट्ट नात्याचा पहिला भक्कम पुरावा फुकुशी तेइकिची यांचा. खुज्या रोगाचा विषाणू तुडतुड्याच्या मादीकडून अंड्यांत उतरतो, हे त्यांनी १९३३ मध्ये दाखवले. मग त्यांनी एकाच मादीची संतती रोगट रोपाचा स्पर्शही होऊ न देता पिढ्यामागून पिढ्या वाढवली. तरी त्या पिढ्यांतले तुडतुडे निरोगी भाताला रोग लावत राहिले. मूळ मादीच्या अंगात जेवढा विषाणू होता तेवढाच वाटला जात असता, तर काही पिढ्यांतच तो विरळ होऊन संपला असता. तो संपला नाही, याचा अर्थ तो कीटकाच्या शरीरात वाढत होता. वनस्पतीचा विषाणू प्राण्याच्या पेशीत वाढतो, हे त्या काळी अनेकांना पटण्यासारखे नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने नंतर रोपाच्या आणि तुडतुड्याच्या, दोन्हींच्या पेशींत तेच गोल कण दाखवले.

या कणांत १२ तुकड्यांत विभागलेला दुहेरी धाग्यांचा आरएनए असतो. एकेका तुकड्यावर साधारण एकेका प्रथिनाची माहिती असते, त्यामुळे कोणते प्रथिन काय करते हे तपासणे तुलनेने सोपे गेले. २००३ मध्ये नाकागावा आणि सहकाऱ्यांनी या विषाणूच्या दुपदरी कवचाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने जवळजवळ अणूंच्या पातळीवर उलगडली. मला मात्र त्याआधीचे एक निरीक्षण जास्त बोलके वाटते. हा विषाणू वर्षानुवर्षे फक्त भाताच्या रोपांत राखला, कीटकाशी त्याची गाठच पडू दिली नाही, तर दुसऱ्या तुकड्यात बदल होतात आणि कवचाच्या बाहेरचे पी२ हे प्रथिन नाहीसे होते. असा विषाणू भातात सुखाने वाढतो, पण तुडतुड्याच्या पेशीत त्याला शिरता येत नाही. हे प्रथिन टिकून राहते ते कीटकामुळे. गंमत अशी की २००५ मध्ये हेच पी२ भातातल्या जिबरेलिन बनवणाऱ्या एका विकराला चिकटते असे आढळले. जिबरेलिन हे रोपाची उंची वाढवणारे संप्रेरक. रोगट रोपांत ते कमी पडते आणि बाहेरून दिले तर उंची पुन्हा वाढते. खुजेपणाचा एक धागा असा रेणूंपर्यंत पोचला.

अंड्यांत उतरण्याचे कोडे सुटायला मात्र फार वेळ लागला. भाताच्या पट्टे रोगाचा विषाणू एका छोट्या तपकिरी तुडतुड्यामार्फत पसरतो आणि तोही अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. अंड्याचा बलक ज्यापासून बनतो त्या व्हायटेलोजेनिन प्रथिनाला धरून तो बीजांडात पोचतो, हे २०१४ मध्ये कळले. खुज्या रोगाच्या विषाणूची वाट निराळी निघाली. तुडतुड्याच्या अंगात सल्शिया नावाचे सहजीवी जीवाणू असतात आणि ते आईकडून अंड्यांत जातातच. विषाणू कवचातल्या प्रथिनाने त्यांच्या बाह्य आवरणाला चिकटतो आणि त्यांच्यासोबत आत जातो. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, फुकुशींच्या प्रयोगानंतर ८४ वर्षांनी.

दक्षिण आणि आग्नेय आशियात टुंग्रोइतका त्रास फार थोड्या विषाणूरोगांनी दिला असेल. पाने नारिंगी-पिवळी पडतात, फुटवे कमी येतात, दाणे पोचट राहतात. १९६५ मध्ये फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत रिवेरा आणि ऊ यांनी हा रोग हिरव्या तुडतुड्यांमुळे पसरतो हे दाखवले. पुढच्याच वर्षी त्याच संस्थेतून आयआर८ बाहेर पडले. ते आणि तायचुंग नेटिव्ह १ ही बुटकी, भरघोस वाणे झपाट्याने पसरली आणि दोन्ही टुंग्रोला बळी पडणारी होती. भारतात १९६९ मध्ये उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये मोठी साथ आली.

रोग एकच, पण त्यामागे विषाणू दोन आहेत, हे १९७८ च्या सुमारास हिबिनो आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. एक गोल, सुमारे १२,००० न्यूक्लिओटाइडचा एकेरी आरएनए असलेला. दुसरा काडीसारखा, सुमारे ८,००० बेसजोड्यांचा वर्तुळाकार डीएनए असलेला, आणि त्याची प्रत आरएनएमार्फत उलट लिहून तयार होते. त्यांचे एकमेकांशी काहीच नाते नाही. गोल विषाणू एकटा असला तर रोपावर जवळजवळ काहीच दिसत नाही, पण तो तुडतुड्यातून आपणहून पसरतो. काडीसारखा विषाणू रोगाची खरी लक्षणे आणतो, पण गोल विषाणूच्या मदतीशिवाय त्याला तुडतुडा नेत नाही. इथे विषाणू तुडतुड्याच्या अंगात वाढत नाही, काही दिवस तोंडाच्या नळीत टिकतो इतकेच. जोडीदाराशिवाय पसरत नसल्याने काडीसारखा विषाणू एकटा अभ्यासणे अवघड होते. १९९१ मध्ये इंद्रनील दासगुप्ता, रॉजर हल आणि सहकाऱ्यांनी ॲग्रोबॅक्टेरियम या जीवाणूकरवी त्याचा डीएनए थेट भातात उतरवला आणि रोग उमटला. कीटक आणि जोडीदार दोन्ही वगळून झालेला हा प्रयोग होता आणि पुढच्या बऱ्याच कामाचा पाया त्याने घातला. त्याच वर्षी या विषाणूच्या जनुकसंचाचा पूर्ण क्रमही वाचला गेला. प्रथिन कुठून बनवायला घ्यायचे हे सांगणाऱ्या नेहमीच्या एयूजी या संकेताने त्याच्या पहिल्या जनुकाची सुरुवात होत नाही, एयूयूने होते. तिथे पोचण्यासाठी रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने बनवणारे यंत्र, आधीचा लांबलचक भाग चक्क ओलांडून जातो.

टुंग्रोला दाद न देणारी म्हणून जी वाणे शेतकऱ्यांना मिळाली, त्यांतली अनेक प्रत्यक्षात तुडतुड्याला दाद न देणारी होती. कीटक त्यांवर नीट पोसला जात नसे, म्हणून रोग कमी दिसे. काही वर्षांत तुडतुडे त्या वाणांना सरावले आणि रोग परतला. कीटकाला दाद न देणे आणि विषाणूला दाद न देणे या दोन गोष्टी वेगळ्या काढायला रेणूंच्या पातळीवरचे कामच लागले. इंडोनेशियाच्या उत्री मेराह या जुन्या वाणात गोल विषाणूला खरा विरोध होता. २०१० मध्ये त्याचे मूळ ईआयएफ४जी या जनुकात सापडले. पेशी प्रथिने बनवायला सुरुवात करते तेव्हा लागणारा हा घटक आहे आणि विषाणूलाही तोच लागतो. त्यातली मोजकी अमिनो आम्ले बदलली की विषाणूचे अडते आणि रोपाचे चालू राहते. २०१८ मध्ये आयआर६४ या वाणात हेच जनुक क्रिस्पर या जनुक हव्या त्या जागी कापून बदलण्याच्या तंत्राने संपादित करून गोल विषाणूला दाद न देणारी रोपे मिळवण्यात आली.

आफ्रिकेत केनियामध्ये १९६६ मध्ये पिवळ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू आढळला होता. तो टुंग्रोच्या विषाणूंहून पूर्ण निराळा आणि भुंगेऱ्यांमार्फत पसरणारा. तरी २००६ मध्ये त्याच्याविरुद्धचे जनुक शोधले, तेव्हा ते ईआयएफ४जीच्याच कुटुंबातले निघाले. दोन खंडांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या विषाणूंविरुद्ध भाताने हीच जागा निवडली. पण या आफ्रिकी विषाणूने आपल्या आरएनएच्या टोकाला जोडलेल्या व्हीपीजी प्रथिनात मोजके बदल करून हा विरोध मोडूनही दाखवला आहे. त्यामुळे एका जनुकावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

नवे विषाणूही येतच आहेत. २००१ मध्ये चीनच्या ग्वांगडोंगमध्ये आढळलेला भाताच्या खुजेपणाचा एक विषाणू २००८ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून ओळखला गेला. पांढऱ्या पाठीचे तुडतुडे वाऱ्यावर लांबवर जातात आणि तो त्यांच्या अंगात वाढतो. २००९ पासून त्याने व्हिएतनाममध्ये मोठे नुकसान केले. २०२२ च्या खरिपात पंजाब आणि हरियाणात रोपे खुजी राहू लागली, तेव्हा शेतकऱ्यांना आधी अन्नद्रव्यांची कमतरता वाटली. नमुन्यांच्या आरटी-पीसीआर चाचणीत मात्र दहा तुकड्यांचा हाच आरएनए विषाणू सापडला.