कोळशावर उभी असलेली हवेली

वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यात रेक्सम शहर आहे. तिथून दक्षिणेला सुमारे तीन किलोमीटरवर एर्दिगची हवेली लागते. इंग्रजी स्पेलिंग पाहून बरेच जण तिला ‘एर्डिग’ म्हणतात, पण वेल्श भाषेत दोन ‘डी’ शेजारी आले की उच्चार ‘द’च्या जवळ जातो. जोशुआ एडिसबरीने ती १६८४ ते १६८७ या काळात बांधून घेतली आणि पुढे तो कर्जबाजारी झाला. जॉन मेलर या लंडनच्या वकिलाने ती विकत घेतली आणि १७२०च्या दशकात तिच्या दोन्ही बाजू वाढवल्या. त्याच्या मागे १७३३ साली ती त्याच्या भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे आली. तेव्हापासून १९७३ पर्यंत यॉर्क घराण्याने हवेली हातची जाऊ दिली नाही आणि घरात आलेली वस्तूही सहसा फेकली नाही. आज तिथे सुमारे ३०,००० वस्तू आहेत, त्या यामुळेच.

१९७३ साली फिलिप यॉर्क यांनी हवेली जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली, तेव्हा ती पडायला आली होती. तिचा काही भाग मूळ पातळीपेक्षा सुमारे पाच फूट, म्हणजे दीड मीटर खाली गेला होता. छप्पर गळत होतं आणि घरात वीज कधी आलीच नव्हती. ही दुर्दशा आळसामुळे झाली नव्हती. शेजारच्या बर्शम खाणीचे बोगदे हवेलीच्या खालून गेले होते. १९४७ साली ब्रिटनमधल्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यानंतर सरकारी कोळसा मंडळाने थेट घराखालचा कोळसा काढला.

जमिनीखाली तीनशे मीटरवर कोळसा काढला, तर वरच्या घराला त्याचा त्रास का व्हावा? ब्रिटनमध्ये त्या काळी कोळसा काढायची जी पद्धत रुळली होती, तिच्यात कोळशाचा थर शे-दोनशे मीटर लांबीच्या सलग तोंडाने, म्हणजे जिथे कापणी चालू असते त्या कडेने, कापत पुढे जायचं. कामगारांच्या डोक्यावरचा खडक तात्पुरत्या खांबांनी तोलून धरायचा, तोंड पुढे सरकलं की खांबही पुढे न्यायचे आणि मागे उरलेल्या पोकळीत छत कोसळू द्यायचं. कोसळलेल्या खडकाच्या वरचा थर वाकतो, मग त्याच्या वरचा, आणि ही वाक हळूहळू जमिनीपर्यंत पोहोचते. काढलेल्या पट्ट्याची रुंदी खोलीच्या साधारण १.४ पट झाली, की जमीन थराच्या जाडीच्या जवळजवळ ९० टक्के खाली बसू शकते. दीड मीटरचा थर काढला, तर वर सुमारे १.३५ मीटरची बशी तयार होते. खाली एकापेक्षा जास्त थर असतील आणि ते एकामागून एक काढले गेले, तर जमिनीचं हे खाली बसणं एकावर एक साचत जातं.

ही बशी पोकळीपेक्षा मोठी असते. तिची कड पोकळीच्या कडेपासून उभ्या रेषेशी सुमारे ३५ अंशांचा कोन करून बाहेर पसरते. खोली ३०० मीटर असेल, तर पोकळीच्या पुढे साधारण २१० मीटरपर्यंत जमीन हलते. म्हणजे घर वाचवायचं तर त्याच्याभोवती निदान २१० मीटर त्रिज्येचा कोळसा जागच्या जागी सोडावा लागतो. नकाशावर घर हा एक ठिपका धरला, तरी हे वर्तुळ सुमारे १४ हेक्टरचं होतं. थर दीड मीटर जाड आणि कोळशाची घनता घनमीटरला १.३ टन धरली, तर त्यात २ लाख ७० हजार टन कोळसा अडकतो, आणि तोही एकाच थरातला. युद्धानंतरच्या ब्रिटनला कोळशाची किती भूक होती हे लक्षात घेतलं, तर एका जुन्या घरासाठी एवढा कोळसा सोडायला मंडळ का तयार झालं नसेल, हे कळतं. पटत मात्र नाही.

घर नुसतं खाली गेलं म्हणून मोडत नाही. सगळी इमारत एकसारखी दीड मीटर खाली उतरली असती, तर भिंतीला साधा ओरखडाही आला नसता. नुकसान होतं ते बशीच्या उतारावर. बशीच्या बाहेरच्या कडेला जमीन बाहेर फुगून ताणली जाते आणि आत, तळाशी ती दाबली जाते. कापणीचं तोंड पुढे सरकतं तसं घराला आधी ताण बसतो, मग कल येतो, शेवटी दाब येतो. दगडविटांच्या भिंतीला दाब बराच सोसतो, ताण जवळजवळ नाहीच. मीटरमागे एक मिलिमीटर ताण म्हणजे फार काही वाटत नाही, पण भिंत ५० मीटर लांब असेल तर ती एकूण ५० मिलिमीटर ताणली जाते. ब्रिटिश खाण अभियंते नुकसान मोजताना याच एकूण फरकाकडे पाहतात. लांबीतला बदल ३० मिलिमीटरपर्यंत असेल तर गिलाव्यात केसासारख्या भेगा येतात. ६० ते १२० मिलिमीटर झाला तर दारं-खिडक्या अडकतात आणि नळ तुटतात. १८० च्या पुढे गेला तर भिंती पाडून पुन्हा बांधायची वेळ येते. छोट्या झोपडीला जे सहज सोसतं, ते लांबलचक हवेलीला सोसत नाही, ते यामुळेच. एर्दिगचा दर्शनी भाग तर मेलरने आणखी लांब करून ठेवला होता.

खचण्याचे सगळेच प्रकार असे सावकाश नसतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये जुन्या भूमिगत खाणीवरचं एक घर पाहता पाहता जमिनीत गेलं. विदर्भातल्या जुन्या खाणींमध्ये कोळशाचेच खांब मागे सोडून मधला कोळसा काढत. असे खांब झिजले किंवा छताचा एखादा तुकडा सुटला, की पोकळी चिमणीसारखी वर चढत जाते आणि एके दिवशी जमिनीला भोक पडतं. ती वेळ कुणालाच आधी सांगता येत नाही. एर्दिगच्या प्रकारातली बशी मात्र कागदावर आधी काढून दाखवता येते, आणि तोंड पुढे गेल्यावर एक-दोन वर्षांत जमीन बहुतेक बसून होते. बर्शम खाण १९८६ साली बंद झाली. तिच्या मातीचा ढिगारा अजून उभा आहे.

एर्दिगचं सगळ्यात मोठं नुकसान भिंतीतल्या भेगांनी केलं नाही, पावसाने केलं. अशा घरांचं छप्पर कठड्यामागे लपलेलं असतं. पाणी कठड्याच्या आतल्या शिशाच्या पन्हळीतून एका टोकाला नेऊन खाली सोडतात. या पन्हळीला उतार फार कमी असतो, ८० ते १२० फुटांना एखादा फूट. आता समजा, ५० मीटर लांबीच्या घराचं एक टोक दुसऱ्यापेक्षा ४० सेंटिमीटर खाली गेलं. हा कल १२५ला १ इतका होतो. कल उलट्या बाजूला गेला, तर १२०ला १ उताराची पन्हळ जवळपास सपाट होते, तिच्यात पाणी साचतं आणि शिशाच्या जोडांतून आत शिरतं. खालच्या तुळईचं टोक भिंतीत रुतलेलं असतं, तिथे वारा लागत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली, की सुक्या कुजीची बुरशी रुजते. ही बुरशी लाकडाची ताकद खाऊन टाकते, आणि तिचे धागे विटांच्या सांध्यांतून पलीकडच्या लाकडापर्यंत पोहोचतात. एर्दिगच्या शाही शयनगृहातल्या पलंगाच्या वरूनच पाणी गळत होतं. १७२०च्या सुमाराचा तो पलंग, चिनी रेशमी भरतकामाचा.

दुरुस्तीचा क्रम यातूनच ठरतो. आधी जमीन स्थिर झाली का, हे मोजायचं. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा पक्क्या करून निदान वर्षभर अंतर पाहायचं, कारण उन्हाळा-हिवाळ्यातही भेग थोडी उघडते आणि मिटते. मग भिंती बांधून घ्यायच्या. पोलादी सळया, काँक्रीटचे पट्टे, पायाखालचा आधार यांतलं काय वापरायचं ते त्या घरावर अवलंबून. त्यानंतर छप्पर आणि पन्हळी. गिलावा सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकवला आणि आधी खोल्या रंगवल्या, की दोन वर्षांत पोपडे सुटतात. भिजलेली जाड भिंत वाळायला जुन्या गवंड्यांचा ठोकताळा इंचाला एक महिना असा आहे. दोन फुटांची भिंत दोन वर्षं घेते, आणि त्यात घाई चालत नाही.

या कामात सिमेंट टाळतात, त्याला कारण आहे. जुन्या घराच्या भिंतीत ओल येणारच, ती दरजांमधून बाहेर पडायला हवी. सिमेंटचा थर तिची वाट अडवतो. मग पाणी दगडातून किंवा विटेतून बाहेर पडतं, क्षार तिथेच साचून लोणा लागतो आणि वीट पापुद्र्या-पापुद्र्याने झडते. शिवाय सिमेंट विटेपेक्षा कडक असतं, त्यामुळे घर थोडं हललं तर वीट फुटते. मुरवलेला चुना एक भाग आणि टोकदार कणांची वाळू तीन भाग, असा माल मऊ राहतो. बारीक हालचाल तो दरजेतच पचवतो. भेग फार रुंद नसेल, तर पाण्यात विरघळलेला चुना तिच्यात पुन्हा जमून ती थोडीफार सांधतोही. गिलाव्याचे थर साधारण १० मिलिमीटरचे, आणि तापमान पाच अंशांखाली असेल तर काम बंद, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि थंडीत ही क्रिया जवळजवळ थांबते. त्यात पाणी गोठलं, तर थर सुटून येतो. पुण्यातले वाडे सिमेंटने ‘पक्के’ करताना नेमकी हीच चूक वारंवार होते.

एर्दिगसाठी पैसा आला तो दोन ठिकाणांहून. कोळसा मंडळाने १,२०,००० पौंड भरपाई दिली आणि उद्यानातली ६३ एकर जमीन विकून ९,९५,००० पौंड उभे राहिले. १९७७ साली राजपुत्र चार्ल्स यांच्या हस्ते हवेली लोकांसाठी उघडली.

इथे प्रवेश दर्शनी दारातून होत नाही. सुतारशाळा, लोहारशाळा, तबेले, धुलाईघर, भट्टी, स्वयंपाकघर अशी नोकरांची वाट आधी चालावी लागते. हे योग्यच आहे. यॉर्क घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या नोकरांची चित्रं आणि पुढे छायाचित्रं काढून घेतली, ती याच भागात लावलेली आहेत. बड्या घरांच्या इतिहासात हे फार क्वचित सापडतं.

मुख्य घरात शिरल्यावर दोन गोष्टी खटकतात, अंधार आणि गारठा. दोन्ही मुद्दाम ठेवलेल्या असतात. रेशीम, जलरंगातली चित्रं, चिनी हाताने रंगवलेला भिंतीचा कागद यांना प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवायचा असा संकेत आहे. भर उन्हात बाहेर एक लाख लक्स असतात. पण तीव्रतेपेक्षा एकूण मात्रा महत्त्वाची. ५० लक्स १० तास आणि ५०० लक्स एक तास, दोन्हींनी कापड सारखंच विटतं. वर्षाची मर्यादा दीड लाख लक्स-तास धरली, तर ५० लक्सला ३,००० तास मिळतात, २०० लक्सला फक्त ७५०. म्हणून लोक नसतात तेव्हा खिडक्यांच्या झडपा बंद राहतात. गेलेला रंग कुठल्याही उपचाराने परत येत नाही. तडा सांधता येतो, विटलेलं रेशीम नाही.

गारठ्याचं गणित आणखी सोपं आहे. लाकडाला हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० ते ६५ टक्के हवी. ६५ च्या वर फार दिवस राहिली तर बुरशी धरते आणि किडे वाढतात. ४० च्या खाली गेली तर लाकूड आकसतं आणि वरचा पातळ थर सुटतो. हिवाळ्यात बाहेर पाच अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच हवा आत आणून ११ अंशांपर्यंत तापवली, की आर्द्रता सुमारे ६० वर येते. आपल्याला बरं वाटावं म्हणून २० अंशांपर्यंत तापवली, तर ती ३४ पर्यंत घसरते. म्हणून अशा घरांत हीटर तापमानावर चालवत नाहीत, आर्द्रतामापकावर चालवतात. एर्दिगमध्ये चिनी लाखकामाचा घडीचा पडदा आहे. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर झालेला आणि रेक्समला पुरलेला इलायहू येल, त्याने तो एडिसबरीला दिला होता. त्याची लाख आत असलेल्या लाकडावर चिकटलेली आहे. लाकूड फुगतं-आकसतं, लाख तितकी हलत नाही, आणि दर हिवाळ्यात भेगेला एक निमित्त मिळतं.

पाहुणेही ओल आणतात. स्वस्थ उभा माणूस ताशी ५० ग्रॅमच्या आसपास बाष्प सोडतो, भिजलेला कोट त्याच्या कितीतरी पट. कपड्यांचे तंतू आणि बुटांची माती यांची धूळ चालण्याच्या वाटेलगत सर्वांत जास्त बसते, आणि दमट हवेत ती पृष्ठभागाला चिकटून पक्की होते. ती काढताना मऊ केसांच्या ब्रशने झटकून थेट व्हॅक्यूमच्या तोंडात ढकलतात, वस्तूला नळी लावत नाहीत. टोकदार टाच चालत नाही, कारण ६० किलोचं वजन एक चौरस सेंटिमीटरवर आलं की जुन्या फळीला खळगा पडतो. पाठीवरची पिशवी पुढे घ्यायला सांगतात ती कोपऱ्यांच्या गिलाव्यासाठी.

जायचंच असेल तर शक्यतो कोरड्या दिवशी जा, आणि गरम कपडे घाला. आतल्या अंधुक खोलीत शिरल्यावर दहा मिनिटं थांबा, डोळे सरावले की रेशमावरचे रंग दिसू लागतात. बाहेर आल्यावर भिंतीच्या दरजांकडे पाहा. खाली जमीन हलली असेल तर तडा सरळ न जाता विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो, आणि वर जाताना रुंद होत गेला असेल तर घराच्या त्या बाजूच्या टोकाची जमीन खचली होती असं समजायला हरकत नाही.