गोठ्यातला ॲझोला आणि ध्रुवाजवळचं बोअर

कराडजवळ ओळखीच्यांच्या गोठ्यामागे ॲझोलाचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या इवल्या नेच्याचा वाफा आहे. खाली प्लास्टिकचा कागद, वर वीतभर पाणी, तळाशी माती आणि शेणकाला. वहिनी सकाळी चाळणीनं हिरवा थर काढतात, बादलीत दोनदा खळबळून शेणाचा वास घालवतात आणि पेंडीत कालवून म्हशीपुढे ठेवतात. त्यातलं एक रोपटं मी बोटावर घेतलं. नखाएवढं, खाली केसासारखी मुळं. याच कुळातल्या वनस्पतीनं 4 कोटी 90 लाख वर्षांपूर्वी आर्क्टिक समुद्र झाकून टाकला होता!

पण ॲझोलाला खारं पाणी सोसत नाही. मग समुद्रात तो वाढला कसा? तेव्हा ग्रीनलंड आणि स्वालबार्ड (नॉर्वेच्या उत्तरेकडची बेटं) एकमेकांना जवळजवळ खेटून होते. अटलांटिकचं पाणी आत यायला खोल वाटच नव्हती. चहूकडून जमीन, हवा उबदार, पाऊस भरपूर. नद्यांचं गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहिलं आणि त्या थरावर ॲझोला माजला. भारत आशियाला भिडू लागला तोही साधारण हाच काळ.

हे कळलं ते 2004 च्या उन्हाळ्यात समुद्रतळात घेतलेल्या बोअरमुळे. उत्तर ध्रुवापासून अडीचशे किलोमीटरवर, बर्फाखाली लोमोनोसोव्ह नावाची डोंगररांग बुडालेली आहे. ती मूळची युरेशियाच्या काठाची. सुमारे 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तुटली आणि सरकत गेली. मधली फट आजही रुंदावते आहे, वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर. आपली नखं त्याच्या तीन-चार पट वेगानं वाढतात.

तिथे बोअर घ्यायचं म्हणजे जहाज एका जागी उभं राहायला हवं. वाहता बर्फ ते राहू देत नाही. जहाज ढकललं गेलं की पाइप मोडलाच. म्हणून तीन जहाजं गेली. रशियाचं अणुशक्तीवरचं ‘सोव्हेत्स्की सोयूझ’ पुढे राहून मोठे तुकडे फोडायचं, स्वीडनचं ‘ओडेन’ त्यांचा चुरा करायचं आणि मागे ‘विदार वायकिंग’ बोअर घ्यायचं. बाराशे मीटर पाण्याखाली, समुद्रतळात बोअर 428 मीटर खोल गेलं. आपल्या भाषेत 1,400 फूट. वर आलेला गाळ जर्मनीत ब्रेमेनला उघडला, तेव्हा त्यात ॲझोलाचे बीजाणू थरच्या थर सापडले. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते तीन जहाजांचं एकमेकांना सांभाळून राहणं. एक जरी हटलं असतं तरी हा गाळ हाती आला नसता.

त्या गाळात मोठी पोकळीही निघाली. सुमारे 2 कोटी 60 लाख वर्षांचे थर गायब. आर्क्टिक उबदार तळ्यापासून बर्फाच्या समुद्राकडे गेला, तो बराचसा प्रवास नेमका याच काळातला. हे थर रांगेवर दुसरीकडे शाबूत मिळतील या आशेनं 2022 मध्ये पुन्हा जायचं ठरलं होतं, रशियाच्या बर्फफोड्या जहाजासह. त्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं आणि जहाजं बंदरातून निघालीच नाहीत.