चेहरा बाईचा, संपादकाची खुर्ची कुणाची?

"कुठलंही चॅनल लावा, बातम्या द्यायला बाईच! पत्रकारितेत आता बायकांचंच राज्य," असा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण आपल्याला दिसतो तो फक्त पडद्यावरचा चेहरा. पण कुठली बातमी घ्यायची, कुठली पहिल्या पानावर जाणार, हे ठरवणाऱ्या जागांवर आजही बहुतेक पुरुषच आहेत. घरबसल्या पडताळता येतं. संपादकाचं नाव पेपरात कायद्यानं छापावंच लागतं. बहुधा शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टायपात. घरी येणारे, शेजारचे, वाचनालयातले, जमतील तितके पेपर घ्या आणि त्या ओळीत बायकांची नावं किती, मोजा. मग आठवडाभर पहिल्या पानावरच्या बायलाइनही, म्हणजे बातमीसोबत छापलेली बातमीदारांची नावं.