कीवर्डवर माउस नेला तर

समजा, मिरकरवाडा बंदरात बोटी कधी सोडायच्या, याचे नियम लिहायला कुणी छोटीशी संगणकभाषा बनवली. त्यातली एक ओळ अशी: ‘भांग असेल तर थांबू नका’. रत्नागिरीच्या खलाशाला यात विचारण्यासारखं काही नाही. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक कमी होतो तो भांग, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास वाढतो ते उधाण. पण कोड लिहायला पुण्याहून आलेल्या पोराला भांग म्हटलं की होळीच आठवणार. ‘भांग’ हा इथे कीवर्ड, म्हणजे भाषेनेच अर्थ ठरवून दिलेला शब्द. त्याने त्यावर माउस नेला की माहितीची चौकट उघडायला हवी. यालाच हॉवर म्हणतात.

व्हेरिएबलच्या, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याने मूल्य साठवायला ठेवलेल्या, नावावर चौकट दाखवणं त्या मानाने सोपं. ते नाव प्रोग्राममध्ये कुठेतरी जाहीर केलेलं असतं, तिथली टिप्पणी (वाचणाऱ्यासाठी लिहिलेली नोंद) उचलायची. कीवर्ड मात्र प्रोग्राममध्ये कुठेच जाहीर होत नाही, तो भाषेच्या व्याकरणात असतो. शिवाय वाक्यरचना ओळखून झाली की बरेच पार्सर (ती रचना ओळखणारे प्रोग्राम) कीवर्ड टाकूनच देतात. त्यामुळे एक्सटेक्स्टसारख्या, नव्या संगणकभाषा बनवायच्या साधनातही नावांची चौकट आयती मिळते, पण कीवर्डसाठी वेगळा कोड लिहावा लागतो.

व्हीएस कोडसारखे एडिटर यासाठी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल वापरतात, म्हणजे एडिटर आणि भाषेची माहिती पुरवणारा वेगळा प्रोग्राम (सर्व्हर) यांच्यातल्या संवादाचे नियम. मायक्रोसॉफ्टने तो 2016 मध्ये सर्वांसाठी खुला केला. माउस थांबला की एडिटर सर्व्हरला फाइल, ओळ आणि ओळीतली जागा एवढंच कळवतो. मोजणी शून्यापासून. त्या जागी शब्द कोणता, हे सर्व्हरने शोधायचं, आणि देवनागरीत गोची होते ती इथेच. जागा मोजली जाते ती सहसा यूटीएफ-16 या अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या एककांत. ‘भांग’ आपल्यासाठी दोन अक्षरं, तिथे चार: भ, काना, अनुस्वार, ग. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर शोधायच्या सूत्रातला) शब्द पकडायचा नेहमीचा संकेत इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर यांपलीकडे काही ओळखत नाही. युनिकोड या सर्व लिपींच्या सामायिक यादीतला ‘अक्षर’ वर्ग मागितला, तरी काना आणि अनुस्वार ‘चिन्ह’ वर्गात मोडत असल्याने भ आणि ग सुटे होतात. दोन्ही वर्ग एकत्र मागितले तरच अख्खा शब्द हाती लागतो.

माझ्या मते मात्र या फंदात पडूच नये. लेक्सरने, म्हणजे पार्सरच्या आधी मजकूर वाचणाऱ्या भागाने, मजकुराचे शब्द आधीच सुटे केलेले असतात, त्यालाच विचारावं. टिप्पणीत किंवा अवतरणात आलेला ‘भांग’ हा कीवर्ड नाही, हेही त्याला ठाऊक असतं. तिथे सर्व्हरने रिकामं उत्तर द्यावं.

राहिला मजकूर. ‘भांग: हा एक कीवर्ड आहे’ एवढंच लिहिलेली चौकट न उघडलेलीच बरी. अर्थाची एक ओळ आणि वापराचं एक उदाहरण पुरतं. मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) चालतं, त्यामुळे उदाहरण कोडसारखं वेगळं उठून दिसतं.