एक सूत म्हणजे नक्की किती मिलिमीटर?

परवा घरी कपाटाचं काम चालू होतं, सुतारकाकांनी आत टेप धरला आणि फळीचं माप सांगितलं, चौतीस इंच तीन सूत, आणि मला प्लाय कापून मागवायचा होता तो दुकानवाला म्हणे साइज मिलिमीटरमध्येच पाठवा. आपण सगळे सवयीने एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर धरतो ना, तसं धरलं तर ८५९ मिमी येतं. खरं माप ८७३. तब्बल १४ मिमीचा फरक, म्हणजे फळी आधारावर टेकलीच नसती!

हिशोब सोपा आहे. एक इंच बरोब्बर २५.४ मिमी, आणि इंचाचे आठ भाग केले की एक सूत, म्हणजे ३.१७५ मिमी. हा २५.४ अंदाजे नाहीये बरं का, व्याख्याच तशी आहे. पूर्वी अमेरिकेचा इंच २५.४ पेक्षा केसभर मोठा होता आणि ब्रिटनचा केसभर लहान, किलोमीटरमागे फरक जेमतेम ३-४ मिमी, पण बारीक मशीनकामात तेवढाही नडतो. स्वीडनच्या योहान्सन यांनी मापं तपासायचे अतिशय अचूक स्टीलचे ठोकळे बनवले, त्यात इंच सरळ २५.४ मिमी धरला आणि कारखान्यांमध्ये तोच रुळला. शेवटी १ जुलै १९५९ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या सगळ्यांनी तोच ठरवून टाकला.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक आलं तरी सूत काही गेलं नाही, आणि घर बांधणाऱ्यांनी इथे खरंच लक्ष द्यावं. चार सुती सळई म्हणून जी मिळते ती १२ मिमीची असते, पण चार सूत म्हणजे १२.७. फरक ०.७ चा वाटतो, पण जाडीचा वर्ग होतो त्यामुळे लोखंड जवळजवळ ११ टक्के कमी भरतं. तीन सुतीचं उलटं, हिशोबाने ९.५ आणि मिळते १० मिमी. म्हणून ड्रॉइंगमध्ये मिमी लिहिलंय तर ऑर्डरही मिमीमध्येच द्या, मधे सूत आणूच नका.

आणि हो, साडेपाच फूट म्हणजे ५ फूट ६ इंच, कॅल्क्युलेटरवरचं ५.५ बघून ५ फूट ५ इंच लिहिणारे खूप आहेत.

आमची फळी ८७२ ला कापून आणली, एक मिमी मोकळा ठेवा असं काकांनीच सांगितलं होतं.