घंटी (ज्यू परंपरा)

ज्यू परंपरेत घंटीला जो धार्मिक अर्थ आहे तो जवळपास सगळा जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातल्या मुख्य याजकाच्या (पुरोहिताच्या) झग्याला लावलेल्या सोन्याच्या घुंगरांतून आलाय. हातात धरून वाजवायच्या शोभेच्या घंट्या, पितळेच्या नाहीतर चांदीच्या, आज भेटवस्तू म्हणून मिळतात, पण सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) विधीत त्यांना जागा नाही.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात (२८:३३-३५) वर्णन येतं: निळ्या झग्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबं आणि सोन्याची घुंगरं, याजक पवित्रस्थानात जाता-येता त्यांचा आवाज ऐकू यावा, म्हणजे तो मरणार नाही. घुंगरं नेमकी कुठे होती यावर जुना वाद आहे. ११व्या शतकातला बायबलचा भाष्यकार राशी म्हणतो दोन डाळिंबांच्या मध्ये एक घुंगरू, तर १३व्या शतकातला भाष्यकार रामबान (नाहमानिडीस) म्हणतो की ती डाळिंबांच्या आतच होती, नाहीतर डाळिंबांचा उपयोग काय. पण ३४व्या ओळीत एक घुंगरू, एक डाळिंब असा क्रम सरळ दिलाय, त्यामुळे राशीचं जास्त पटतं. संख्येबद्दलही तालमूद या रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) जुन्या ग्रंथात (झेवाहिम भाग, ८८ब) दोन मतं आहेत, ७२ किंवा ३६, निम्मी पुढे निम्मी मागे. २०११ मध्ये जेरुसलेमला जुन्या गटारात साधारण सेंटिमीटरभराचं सोन्याचं घुंगरू सापडलं, ते दुसऱ्या मंदिराच्या (इ.स. ७० मध्ये पाडलेल्या) काळातलं मानतात, पण ते याजकाच्याच झग्याचं असं ठामपणे म्हणता येत नाही.

अर्थाबद्दल बोलायचं तर पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याला घुंगरांत मेघगर्जना आणि डाळिंबांत वीज दिसते. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरने इतर समाजांतल्या चालींशी तुलना करून ती भुताखेतांना पळवण्यासाठी असावीत असं मांडलं, पण योम किप्पुरला (प्रायश्चित्ताच्या दिवशी) मंदिराच्या सगळ्यात आतल्या अतिपवित्र स्थानात जाताना याजक साधा पांढरा तागाचा पोशाख घालायचा, घुंगरं नसायची, आणि संरक्षणासाठीच असती तर तिथे ती सगळ्यात आधी लागली असती. रब्बींचा सूर वेगळाय. झग्यामुळे चहाडीचं, निंदेचं प्रायश्चित्त होतं, कारण आवाजाच्या पापाला आवाजाचीच वस्तू हवी. आणि लेवीय रब्बा या रब्बींच्या भाष्यग्रंथात रब्बी योहानान दुसऱ्या रब्बींकडे जाताना आधी आवाज करायचे ते निर्गममधल्या याच वचनामुळे, म्हणजे कुणाच्या दारात अचानक जाऊ नये.

मंदिर पाडलं गेल्यावर घुंगरं तोरा गुंडाळीच्या (हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या) दांड्यांवरच्या चांदीच्या रिमोनिमवर, म्हणजे टोकांवरच्या शोभेच्या कळसांवर आली, हे नेमकं कधी झालं ते धूसर आहे. १२व्या शतकात रिमोनिम होते हे रामबामच्या (मायमोनिडीसच्या, वरच्या रामबानपेक्षा वेगळा) नियमांवरून कळतं, स्पेनच्या माजोर्का बेटावरच्या पाल्मा कॅथेड्रलमधली रिमोनिमची जोडी बहुधा १५व्या शतकातली. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल (मराठी बोलणारे ज्यू) समाजाच्या सिनेगॉगांतही लाकडी पेटीतल्या तोरावर असे रिमोनिम दिसतात. शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) वाद्याचा आवाज चालत नाही म्हणून काहींनी हरकत घेतली होती, पण १७व्या शतकातल्या रब्बी डेव्हिड हालेवी सेगल यांनी परवानगी दिली, कारण तोरा येतेय हे कळलं की लोक उभे राहतात.